पावसाळी रात्री सायकलवर: समोरचा अप्पर आणि आपली नजर

कोरड्या रस्त्यावर रात्री सायकल चालवण्याची सवय झालेल्या माणसाला वाटतं, पावसात तेच करायचं, फक्त भिजत. पहिल्याच जोरदार सरीत कळतं की आपला दिवा मेल्यासारखा झालाय आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला दुप्पट हेडलाइट फुटलेत. दिवा बिघडलेला नसतो. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला उजेड चहूकडे फुटतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. पाण्याचा पातळ थर बसला की तोच रस्ता आरसा होतो. आपला उजेड त्यावरून घसरून पुढे निघून जातो, परत येत नाही. समोरच्याचा मात्र त्याच आरशावरून सरळ आपल्या डोळ्यांत शिरतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, उजेड आला तिकडे परत पाठवणारे. ते पाण्याखाली गेले की पट्टेही दिसेनासे होतात.

म्हणून नवख्यांना पहिली गोष्ट सांगतो: आणखी दणदणीत दिवा विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. नजर कुठे ठेवायची, डोळ्यांवर आडोसा कसला करायचा आणि वेग किती ठेवायचा, या तीन गोष्टींवर सुटतो. पैसे त्यानंतर खर्च करा. खाली जे सांगतोय ते मुख्यतः पुण्यासारख्या शहरातून रात्री कामावरून घरी येणाऱ्यांसाठी आहे. पण पावसाळ्यात 300 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची स्वप्नं बघणाऱ्यांनीही इथूनच सुरुवात करावी. त्या राइडला 20 तास मिळतात आणि बहुतेकांना त्यातला बराच वेळ अंधारात काढावा लागतो.

1. रस्ता दिवसा पाहून ठेवा

ज्या रस्त्याने रात्री येणार आहात, तो आधी उजेडात, सायकलनेच, पाहून घ्या. गाडीतून पाहिलेला रस्ता उपयोगाचा नाही. गाडीला न जाणवणारी चर सायकलचं चाक गिळते. सिमेंटच्या रस्त्यावर दोन स्लॅबच्या मधली लांबोडी फट कुठे रुंदावली आहे, डांबराची आणि पेव्हर ब्लॉकची पातळी कुठे बदलते, कुठल्या चेंबरचं झाकण खचलंय, कुठे पाणी साचतं, हे डोक्यात बसलं पाहिजे. रात्री डोळे दिपले की त्या दोन-तीन सेकंदांत उपयोगी पडते ती हीच आठवण.

जवळचा पण डिव्हायडर नसलेला अंधारा रस्ता आणि लांबचा पण दिवे असलेला, डिव्हायडरवर झाडी लावलेला रस्ता, यांत पावसाळ्यापुरता दुसरा घ्या. ती झाडी समोरच्या बाजूचे निम्मे हेडलाइट अडवते. वस्तीतले, स्पीड ब्रेकरांनी भरलेले आतले रस्ते तर आणखी चांगले. गाड्याच हळू चालत असल्या की अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वर रोखलेला झोत, मारायची हौस कमी होते.

कधी निघू नये तेही ठरवून ठेवा. विजा कडाडत असतील तर नाही. रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि खालचा तळ दिसत नाही, तर नाही. मुंबईत 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात साचलेल्या पाण्यातून चालत घरी निघालेल्या एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला. ते पायी होते. सायकलवर तर सावरायला तेवढाही वेळ मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सरी अर्ध्या तासात ओसरतात. ऑफिसच्या दारात एक चहा जास्त झाला तर बिघडत नाही.

2. दिवा: ताकद नंतर, कोन आधी

घराची भिंत हाच कोन जुळवायचा अड्डा. भिंतीपासून 5 मीटरवर सायकल उभी करा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असतो. त्याच्या झोताचा सर्वांत उजळ भाग भिंतीवर निम्म्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून अर्ध्या मीटरवर पडला पाहिजे. याचा अर्थ रस्त्यावर तो 10 मीटरवर टेकेल. हा 10 मीटरचा आकडा लक्षात ठेवा, वेगाच्या भागात परत लागेल.

बहुतेकांचा दिवा यापेक्षा वर रोखलेला असतो. गोल झोताचे टॉर्चसारखे दिवे वर रोखले की दोन तोटे होतात: समोरून येणारा दुचाकीवाला दिपतो, आणि चिडून तोही अप्पर लावतो. शक्य असेल तर वरून कापलेल्या झोताचा दिवा घ्या. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलच्या दिव्यांना तसा झोत सक्तीचाच आहे, त्यामुळे त्या नियमांचे दिवे सगळा उजेड रस्त्यावर टाकतात. असा कमी ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) दिवा, सगळीकडे उजेड उधळणाऱ्या हजार ल्यूमेनच्या टॉर्चपेक्षा पावसात जास्त दाखवतो.

हेल्मेटवरचा दिवा पावसात बंद. डोळ्यांच्या अगदी जवळून निघालेला उजेड समोरच्या प्रत्येक थेंबावर आदळून डोळ्यांत परत येतो, आणि तुमच्यापुढे पांढरा पडदा उभा राहतो. खंडाळ्याच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा तर हा पडदा भिंतच होतो. दिवा डोळ्यांपासून जितका खाली, तितकं बरं. हँडलच्या खालच्या बाजूला किंवा पुढच्या फोर्कवर लावता आला तर उत्तम, आणि तिथे रस्त्यावरचे खड्डे सावल्यांमुळे उठूनही दिसतात. जागा बदललीत तर भिंतीपुढे कोन पुन्हा जुळवा: झोत दिव्याच्या नव्या उंचीच्या निम्म्यावर पडला पाहिजे.

पाण्याचं म्हणाल तर खोक्यावर आयपीएक्स आणि त्यापुढचा आकडा बघा, दिवा किती पाणी सोसतो ते त्यावरून कळतं. 4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसेल, 6 म्हणजे जोराचा फवारा, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला 4 वर भागतं, पण चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसवलं तरच. बहुतेक दिवे पाऊस मारत नाही, ते झाकण मारतं.

मागे दोन लाल दिवे: एक सतत पेटलेला, एक लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो; पण नुसता तोच असेल तर मागच्या ड्रायव्हरला तुम्ही नेमके किती लांब आहात याचा अंदाज लागत नाही. पुढचा दिवा मात्र लुकलुकता ठेवू नका. ओल्या रस्त्यावर त्याने तुमचेच डोळे हैराण होतात.

आता एक काम करा जे कोणी करत नाही. पूर्ण पावसाळी वेशात, सॅक पाठीवर घेऊन, सायकलवर बसा आणि कोणाला तरी मागे 20-30 पावलांवर उभं करून विचारा: लाल दिवा दिसतोय का? लांब रेनकोटची शेपूट सीटखालच्या दिव्यावर हमखास लोंबते. पोंचो असेल तर पुढचाही दिवा झाकला जातो आणि वाऱ्याने शीड भरतं ते वेगळंच. रात्रीसाठी कंबरेपर्यंतचं जॅकेट घ्या, पोंचो नको.

आणि घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधा. फ्लुरोसंट पिवळा रंग दिवसा चमकतो, रात्री नाही. रात्री काम करतं ते उजेड परत फेकणारं कापड. ते खालीवर होणाऱ्या पायांवर असलं की मागच्याला लांबूनच कळतं, हा खांब नाही, पेडल मारणारा माणूस आहे. बीआरएममध्ये परावर्तक जॅकेट आणि दोन्ही दिवे सक्तीचे असतात. रोजच्या रस्त्यावर सक्ती करणारं कोणी नाही एवढंच. एके काळी पुण्यात बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस चौकात उतरवून दंड करत. तेव्हाचे डायनामो पावसात ओल्या टायरवर घसरायचे आणि सायकल हळू झाली की दिवा मंद व्हायचा, तरी दंड तो दंडच.

3. टोपी, आणि चष्म्याचं काय

या लेखातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे हेल्मेटखाली घालायची पुढे छोटा छज्जा असलेली कापडी टोपी. सायकलच्या दुकानात मिळते. नाहीतर पातळ, मऊ छज्ज्याची कुठलीही टोपी चालेल, फक्त हेल्मेट तिच्यावर घट्ट आणि सरळ बसलं पाहिजे. तिने थेंब डोळ्यांत आणि चष्म्यावर येत नाहीत. त्याहून मोठा फायदा: समोरून अप्पर आला की हनुवटी जराशी खाली करायची. छज्जा त्या हेडलाइटला झाकतो आणि खालचा रस्ता दिसत राहतो. रेनकोटचं टोपडं हेल्मेटवर किंवा खाली ओढू नका. मागे वळून पाहिलं की डोकं वळतं आणि टोपडं तिथेच राहतं, मग दिसतो फक्त त्याचा आतला कपडा.

चष्मेवाल्यांची अडचण खरी आहे. काचेवरचा प्रत्येक थेंब हेडलाइटचा एक तारा करतो. टोपी निम्मं काम करते. उरलेल्यासाठी सुती कापडाचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत, जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवा. सॅकच्या तळाशी ठेवलेलं कापड कधीच बाहेर निघत नाही. सिग्नलला थांबलात की काचा आतून धुकटतात, तेव्हा चष्मा नाकावर जरा खाली सरकवा म्हणजे हवा खेळते. ओरखडे पडलेल्या जुन्या काचा बदला. ओरखडा हा न पुसता येणारा थेंब आहे. चष्मा टाळायला कॉन्टॅक्ट लेन्स घालून पावसात निघायची कल्पना सोडून द्या; लेन्सखाली रस्त्याचं पाणी गेलं तर डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

नंबर नसलेल्यांनीही साध्या पारदर्शक काचांचा चष्मा जवळ ठेवावा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या दिव्यांभोवती वाळवीची पाखरं उठतात, तेव्हा उघड्या डोळ्यांनी चार खांब पार करून दाखवा!

‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. 2019 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी ते सिम्युलेटरवर तपासले, आणि रात्री पादचारी ओळखायला त्यांची काही मदत होत नाही असंच निघालं. साधी गोष्ट आहे, रंगीत काच उजेड कमीच करते, आणि आपल्याला आधीच उजेड पुरत नाहीये. काचांवरचं अँटीग्लेअर कोटिंग ठीक आहे, पण ते काचेतली प्रतिबिंबं कमी करतं, समोरचा हेडलाइट नाही. आणि चाळिशीनंतर हेडलाइटभोवती मोठी वलयं दिसू लागली असतील, तर सायकलच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदूची सुरुवात बऱ्याचदा अशी लक्षात येते.

4. समोरून गाडी येते तेव्हा

डोळे दिपतात म्हणजे काय होतं? हेडलाइटचा उजेड डोळ्याच्या आत थोडा विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा पसरतो. त्या पडद्यात खड्डा बुडतो. पण हेडलाइट आपल्या नजरेच्या रेषेपासून जितका बाजूला, तितका हा पडदा विरळ. कोन दुप्पट केलात तर पडदा साधारण चौपट पातळ होतो. म्हणजे मान फिरवायची गरज नाही, नजर थोडी बाजूला नेली तरी पुरते.

गाडी अजून लांब आहे तोवर, म्हणजे डोळे अजून चांगले आहेत तोवर, पुढचा रस्ता वाचून घ्या. कुठे खड्डा आहे, कोण चालतंय, कडेला रिक्षा उभी आहे का. मग पेडल मारणं थांबवा आणि सायकल आपोआप हळू होऊ द्या. गाडी जवळ आली की नजर खाली आणि डावीकडे: रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेष, ती नसेल तर डांबर आणि मातीची सीमा, फुटपाथचा कठडा, काहीही. ती कड धरून सायकल न्या. हनुवटी खाली, छज्जा आड. हेडलाइटकडे बघायचं नाही. सांगायला सोपं, पण डोळा उजेडाकडे ओढला जातोच आणि सायकल डोळ्यामागे जाते. म्हणून याचा सराव लागतो. गाडी शेजारून गेल्यावर लगेच पेडल मारू नका. एक-दोन सेकंद थांबून पडदा विरू द्या.

पूर्ण काळोख्या रस्त्यावर काही जण उजवा डोळा मिटून घेतात आणि गाडी गेली की उघडतात. दोन्ही डोळे अंधाराला स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे युक्ती चालते. पूर्ण सराव व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात, ती कमाई निदान एका डोळ्यात राखली जाते. पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज बिघडतो, म्हणून ओळखीच्या, सपाट रस्त्यावरच, आणि तेही हळू असताना. डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडू नये म्हणून हँडलवरच्या मोबाईलचा ब्राइटनेसही अगदी खाली आणा, किंवा सरळ खिशात टाका. पावसाचे थेंब तसंही त्याच्यावर बोटं उमटवून नकाशा भलतीकडे नेतात.

समोरच्याला धडा शिकवायला आपला दिवा वर करणं, हात हलवणं, ओरडणं, यांतलं काही करू नका. त्याच्या काचेवर वायपर फिरतोय, काचेवर थेंबांचे तारे आहेत. तुम्ही त्याला दिसतच नाही असं धरून चाला. हात हँडलवरून काढायची ही वेळ नाही.

सर्वांत वाईट क्षण दुपदरी रस्त्यावर येतो: समोरून एक गाडी, तिच्या मागून दुसरी ओव्हरटेक करतेय, आणि तुमच्या पाठीमागेही एक आहे. त्या पाठीमागच्याचेही डोळे त्याच उजेडाने दिपलेत. तुमचा लाल दिवा त्या झगमगाटात हरवतो. तिथे हुशारी नको. वेग तोडा, कडेला घ्या, गरज वाटली तर पाय टेकवून उभे रहा.

आता आपल्या शहरांचं खास दुखणं, राँग साइडने येणारा दुचाकीवाला. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालूच असतो, त्यामुळे निदान तो दिसतो. पण ‘डाव्या कडेला बघा’ हा नियम इथे उलटतो, कारण तो डाव्या कडेनेच येतो. शिवाय आपली वाहतूक डावीकडून चालत असल्याने पुष्कळ हेडलाइटांचा डिपर डाव्या बाजूला थोडा वर पसरलेला असतो, कडेचे पादचारी दिसावेत म्हणून. राँग साइडवाला तुमच्या डावीकडून जातो तेव्हा तुम्ही नेमके त्या बाजूला येता, म्हणून तो डिपरवर असला तरी डोळ्यांत घुसतो. त्याला चुकवायला उजवीकडे झपकन वळू नका, मागून काय येतंय ते तुम्हाला माहीत नाही. सरळ रेषेत राहून जवळजवळ थांबा. कुठून जायचं ते त्याला ठरवू द्या. न्याय-अन्यायाचा विचार घरी जाऊन करा.

मागून येणाऱ्या गाडीचा उजेड मात्र फुकटची मदत आहे. तो पुढचा रस्ता लांबवर उजळतो. त्या चार-पाच सेकंदांत खड्डे पाहून घ्या, पण वेग वाढवू नका, कारण गाडी पुढे गेली की पुन्हा तुमचा तोच छोटा झोत.

5. वेगाचा हिशेब

ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. खड्डा दिसून बोटं ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, 5 मीटर संपले. ओल्या रस्त्यावर बेताने ब्रेक लावून थांबायला आणखी साधारण 5. एकूण 10 मीटर, म्हणजे तुमचा झोत जिथे टेकतो बरोबर तिथपर्यंत. ताशी 25 ला हेच अंतर 17 मीटरच्या आसपास जातं. म्हणजे खड्डा दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. म्हणून अंधाऱ्या ओल्या रस्त्यावर 18 ही वरची मर्यादा समजा, आणि समोर अप्पर असेल तेव्हा त्याच्याही खाली, 10-12 वर या.

रिम ब्रेक असतील तर आणखी सावध. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं, मग धरतं. चाकाचा एक फेरा साधारण 2.1 मीटरचा, दोन फेरे पुसण्यात गेले तर 4 मीटर वाया. त्यामुळे चौक किंवा उतार येण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावा. डिस्क ब्रेकला हे फारसं लागत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू, सायकल सरळ असताना. वळणावर ब्रेक नको.

लोखंड आणि रंग या दोन गोष्टी ओल्या झाल्या की पकड सोडतात: चेंबरची झाकणं, पुलांवरचे लोखंडी सांधे, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, रेल्वेचे रूळ. त्यांवरून सरळ, न वळता, न ब्रेक लावता जा. रूळ काटकोनात ओलांडा. मोसमाच्या पहिल्या पावसात महिनोन्‌महिने साचलेलं ऑइल वर येतं, आणि गुलमोहराखाली पडलेल्या पाकळ्यांचा लगदा तर विचारूच नका. मेट्रोच्या किंवा बांधकामाच्या गेटसमोर डंपरनी आणलेला चिखल रात्री डांबरासारखाच काळा दिसतो. चाकांत हवा नेहमीपेक्षा 5 ते 10 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवली की पकड थोडी सुधारते, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली नको, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब चिमटेल. दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड लावा. पुढच्या चाकाचं पाणी तोंडावर आणि मागचं लाल दिव्यावर उडायचं थांबतं.

6. सराव आणि घरी आल्यावर

पहिली रात्र ऑफिसहून परतीची नको. रिमझिम असताना सोसायटीच्या आसपास, वाहतूक कमी असलेल्या रस्त्यावर अर्धा तास फिरा. मित्राला स्कूटरवर समोरून डिपर लावून यायला सांगा, एकदा अप्परवर. नजर डावीकडे नेणं, हनुवटी खाली करणं, पेडल थांबवणं, हे तिथे अंगवळणी पडू द्या. मग दिवे असलेला रस्ता, मग डिव्हायडर नसलेला. बीआरएमच्या रात्री नवा दिवा किंवा नवा रेनकोट पहिल्यांदा काढू नका.

घरी पोचलात की आधी दिवे काढा, पुसा, पण लगेच चार्जिंगला लावू नका. रबरी झाकण उघडून आतलं भोक पंख्याखाली तासभर सुकू द्या, मग लावा. चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा. टोपी पिळून वाळत घाला. सकाळपर्यंत वाळत नाही, म्हणून दोन घेऊन ठेवा.